हातांनी ठेवलेली नावं

नांदेड, ८ जुलै २०२४

माय,

अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे, म्हणजे तुला बोट ठेवून वाचता येईल. पार्वतीबाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, "अंगणवाडीच्या पत्त्यावर धाड. गुणाबाई इकडून जातीच रोज, तिच्या हातात देते." त्यांच्या फोनवरून तुझ्याशी बोलता आलं असतं, पण मागच्या खेपेला तू रडलीस, मी रडले आणि बोलणं राहूनच गेलं. आप्पांच्या फोनात तर माझा नंबर लग्नापासून बंदच आहे. म्हणून पत्र.

आम्ही ठीक आहोत. आनंदराजची बदली टळली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, बाकी बरं आहे. सुमेध अडीच वर्षांचा झाला. कपाळ तुझं घेतलंय त्याने.

एक विचारायचं आहे, खरं म्हणजे तेवढ्यासाठीच लिहिते आहे.

सुमेध बोलत नाही. 'मम्मा' नाही, 'बाबा' नाही. शेजारची त्याच्याहून लहान पोरगी दारात उभी राहून भाजीवाल्याशी भाव करते. सासूबाई आधी म्हणायच्या, "आनंदराज बी उशिराच बोलला, पोरं बोलतेत निवांत." मग त्यांनी मधात वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावलं. कुणीतरी सांगितलं म्हणून पोपटाने उष्टा केलेला पेरू आणला. नंतर फोनवर खापर फुटलं, "पोराच्या हातात मोबाइल देऊन भाकरी करते ही." मी मोबाइल कपाटात ठेवला. तरी काही फरक नाही.

शेवटी परवा दवाखान्यात गेलो. कान तपासणाऱ्या उज्वला मॅडम आहेत, शांत बाई आहे. त्यांनी विचारलं, "घरात कुणी कमी ऐकणारं, न बोलणारं?" आनंदराज नाही म्हणाला. मीही नाही म्हणाले. परत येताना रिक्षात मला नागुआत्या आठवली. आठवली म्हणजे, विसरले कधी होते? पण घरातली माणसं मोजताना आप्पांच्या या थोरल्या बहिणीला मोजायची सवयच आपल्याला नाही. ती गोठ्याशेजारच्या खोलीत असते, म्हशींचं करते, बस.

आप्पा सांगायचे, लहानपणी ताप आला आणि तिची वाचा गेली. माय, हे खरं आहे का? तू लग्न होऊन आलीस तेव्हा आजी होती. तिने तुला काय सांगितलं होतं? सुमेधची मोठी तपासणी व्हायची आहे. त्याआधी कळव.

ऋतू


नांदेड, २ ऑगस्ट २०२४

माय,

निरोप पोचला. पार्वतीबाईंनी तुझेच शब्द जसेच्या तसे सांगितले. "म्हणावं, ताप-बीप काही न्हाई. जन्मापासूनच ऐकू येत न्हवतं नागूला. धाकट्या नणंदांची लग्नं व्हायची होती, म्हणून तापाचं सांगायचे." आजी-आजोबा मामा-भाची होते, हेही तू आठवणीने कळवलंस, ते बरं केलंस. मॅडमना तेही हवं होतं.

तपासणी झाली. सुमेधला औषध देऊन झोपवलं, डोक्याला वायरी चिकटवल्या आणि कानात आवाज सोडला. आवाज मेंदूपर्यंत पोचला की पडद्यावरची रेघ हलते. ती हलली नाही. मॅडमनी आवाज वाढवत नेला. मला बाहेर ऐकू येत होता, माय. तो शांत झोपला होता.

मी त्यांना म्हटलं, "पण ताट पडलं की तो वळून बघतो." त्या म्हणाल्या, "फरशी हलते ना. आणि तो सतत तुमच्या चेहऱ्याकडं बघतो. तुम्ही दाराकडं बघितलं की तोही बघतो. फार हुशार आहे. म्हणून तर इतके दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही."

कानामागे लावायची यंत्रं दिली आहेत. त्यांनी थोडंसं ऐकू येईल म्हणतात, पुढे ऑपरेशन. मॅडम म्हणतात, दिवसभर त्याच्यासमोर बसून बोला. आता आपण कांदा चिरतो, आता आपण चादर घडी करतो. मी करते. पण वेड्यासारखं वाटतं. आपल्याकडं एवढ्याशा लेकराशी समोर बसून कोण बोलतं? तुम्ही बायका शेतात निंदायला जायचात, लेकरू झाडाच्या सावलीला. बोलणं सगळं त्याच्या डोक्यावरून चालायचं, भांडणं, थट्टा, सासवांच्या कागाळ्या. आणि एक दिवस लेकरू मधेच तोंड घालायचं. मला कुणी 'हा कांदा' म्हणून शिकवलं नाही. मॅडमना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "खरंय. जगात अशी कितीतरी गावं आहेत, तिथं लहान बाळाशी थेट बोलतच नाहीत आणि पोरं तरीही नीट बोलतात. कारण ती ऐकत असतात. याच्या डोक्यावरून काहीच जात नाहीये हो."

आनंदराज हे सगळं ऐकून घरी आला आणि बूट न काढता खुर्चीवर बसून राहिला.

पार्वतीबाईंच्या तोंडून निसटलं, आप्पा म्हणाले म्हणे, "जातीबाहेर गेली, माहूरच्या देवीनं दाखवलं." हे मला सांगायचं नाही असं तू त्यांना म्हणाली होतीस, तेही त्यांनी सांगितलं. असो.

ऋतू


नांदेड, २९ ऑगस्ट २०२४

माय,

आज एक चांगलं सांगते.

मी भाकरी थापत होते. सुमेध येऊन साडी ओढायला लागला, रडायला लागला. काय हवं ते कळेना. मी वैतागून त्याच्याकडं वळले आणि नकळत तळहातावर तळहात दोनदा मारून भुवया वर केल्या. नागुआत्या विचारायची ना तसं. भाकरी पाहिजे? माय, तो रडायचा थांबला. माझ्या हातांकडं बघितलं. मग त्याने स्वतःचे दोन इवले तळहात एकमेकांवर मारले. भाकरी.

त्याचा पहिला शब्द तो.

त्यानंतर जणू धरणच फुटलं. पाणी, कावळा, बस, गरम, झालं, नको. आत्याचं जेवढं मला आठवतंय तेवढं देते. उरलेलं तो स्वतः तयार करतो. सासूबाईंना त्याने डोळ्यांवर दोन गोल धरून चष्मा असं नाव ठेवलंय. परवा लाईट गेली तर बोट गरगर फिरवून 'पंखा' केला आणि हात झटकून 'गेला' केला. पंखा गेला. दोन शब्द जोडले त्याने. मी स्वयंपाकघरात एकटीच हसत बसले.

आनंदराज घरी नसतो तेव्हा हे चालतं.

त्याला हातांचं पटत नाही. उज्वला मॅडम सांगतात, यंत्रंही लावा, ऑपरेशनचंही बघू आणि हातही थांबवू नका, कुठल्या का रस्त्याने होईना, भाषा पोटात गेली पाहिजे. पण आनंदराजने फोनवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघितलेत. हात चालले की पोरगं आळशी होतं, बोलायचंच नाही, असं त्यात सांगतात. आणि नुसतं तेवढंच नाही. त्याचे वडील ग्यानोबा गावात कधी मान वर करून बोलले नाहीत. पोराला मात्र त्यांनी दरवर्षी जयंतीला स्टेजवर उभं केलं, पाठ करून घेऊन भाषणं करायला लावली. सासूबाई मला म्हणाल्या, "आमच्या पिढ्या मुक्या गेल्या गं. बोलता येऊन मुक्या. आता ह्या घरात लेकरू गप बसलेलं बघवत न्हाई मला."

अक्षर वाकडं आलं असेल तर समजून घे. मनगटाला तव्याचा चटका बसलाय.

ऋतू


नांदेड, २२ सप्टेंबर २०२४

माय,

चटका नव्हता. तू पार्वतीबाईंकडून विचारलंस म्हणून लिहिते. इतक्या लांबून तुला कसं कळतं?

ते पत्र लिहिलं त्याच दिवशी आनंदराज लवकर घरी आला. मी आणि सुमेध खिडकीत उभे राहून रस्त्यावरच्या गाईबद्दल बोलत होतो. आनंदराज मागून आला आणि त्याने माझं मनगट धरलं. जोरात. "हात खाली ठेव," म्हणाला. "त्याला मुका करणार आहेस का?" मी सोडवायला गेले तर आणखी आवळलं. त्याने आजवर कधी असं केलेलं नाही. तो स्वतःलाच भ्यायल्यासारखा झाला, लगेच सोडलं. पण सुमेध बघत होता.

दुसऱ्या दिवशीपासून आनंदराज घरात आला की सुमेध दोन्ही हात पाठीमागे लपवायचा. पाणी पाहिजे असलं तरी तसाच उभा. जेवायला बसलं तर हात मांडीखाली घालून त्यावर बसायचा, सासूबाई भरवायच्या. आनंदराज समोर बसून "सु-मेध, बा-बा बघ, बा-बा" करायचा आणि पोरगं त्याच्या तोंडाकडंही बघायचं नाही, भिंतीकडं बघायचं. माझ्याशीही हात बंद झाले. जे काही उगवलं होतं ते सगळं थांबलं.

हे आनंदराजच्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. त्याला वाटत होतं पोरगं रुसलंय. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "तू आलास की ते लेकरू हात लपवतंय. बघ तरी. आपल्याला शाळेत वर्गाबाहेर बसवायचे ना, तसं बसतंय ते." आनंदराज उठून मोरीत गेला. नळ कितीतरी वेळ चालू होता.

आता तो रोज सुमेधसमोर जमिनीवर बसतो आणि स्वतःचे दोन्ही हात उघडे करून पुढे धरून ठेवतो. नुसते. सुमेध अजून आपले बाहेर काढत नाही. माझी माफी त्याने मागितली. मी हो म्हटलं, पण मनगट धरल्यासारखं मला अजून अधूनमधून वाटतं. हे तुलाच सांगते.

आम्हा दोघांच्या रक्ताची तपासणी आली. मॅडमनी समजावून सांगितलं. हा दोष एकट्या आईकडून किंवा एकट्या बापाकडून आला तर काही होत नाही. दोघांकडून आला तरच लेकरू असं जन्मतं. माझ्यात आहे, आप्पांकडून आलेला. आणि तोच, अगदी तोच, आनंदराजमध्येही आहे. त्याच्या घरात कुणी न ऐकणारं नव्हतं, तरी पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. सासूबाई ऐकून बसल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे दोन्ही घरी एकच होतं. मग बाटलं कोण म्हणायचं?" त्या हसल्या नाहीत, मीही नाही.

माय, एक मागते. लातूरला मूकबधिर मुलांची शाळा आहे. मॅडम म्हणाल्या, एकदा दाखवून आणा. आम्ही पुढच्या महिन्यात जाणार आहोत. तेव्हा आत्याला एका दुपारपुरती लातूरला पाठव. सुमेधला हाताने बोलणारं माणूस दिसलं पाहिजे. माझे हात अडखळतात. तिचे अडखळत नाहीत.

ऋतू


नांदेड, २० ऑक्टोबर २०२४

माय,

तू कसं जमवलंस ते मला अजून कळत नाही. पार्वतीबाई म्हणाल्या, दिव्यांगाचा दाखला काढायचा म्हणून आप्पांना सांगितलंस. आत्याला तुझी जांभळी साडी नेसवून त्यांच्यासोबत पाठवलीस. ती साडी तू स्वतः कधी नेसली नव्हतीस.

पुढं काय झालं ते पार्वतीबाई घाबरून नीट सांगणार नाहीत. मी सांगते.

आम्ही शाळेच्या व्हरांड्यात थांबलो होतो. आत्याने मला बघितलं, माझे गाल दाबले, पाठीत एक धपाटा घातला. इतके दिवस कुठं होतीस, असं विचारलं. मग सुमेधकडं वळली. त्याच्या कानामागची यंत्रं तिने बोटाने चाचपली. मला विचारलं: याला, कान, नाही? मी हो म्हटलं. तिने स्वतःकडं बोट केलं: माझ्यासारखा? मी हो म्हटलं. माय, ती मटकन खाली बसली. साठीला आलेली बाई. आजवर तिला तिच्यासारखं कुणी भेटलंच नव्हतं.

सुमेधने तिच्याकडं बघितलं आणि हात मागून पुढे आणले. भाकरी, म्हणाला. तिने पिशवीतून तू दिलेली दशमी काढली. मग ती दोघं जी सुरू झाली! मला निम्मं कळत नव्हतं. आनंदराज खांबाला टेकून उभा होता. बराच वेळ बघून तो मला म्हणाला, "हे सगळं त्याच्या आत होतं?"

शाळा सुटल्यावर पोरं मैदानात आली. सगळं मैदान हातांनी बोलत होतं. आत्या उठून उभी राहिली. आधी तिचा चेहरा उजळला, मग उतरला. त्यांची बोली वेगळी. तिला एक अक्षर कळेना. तिने मला विचारलं, काय म्हणतायत? मलाही येत नव्हतं. तिची भाषा तुझ्या-माझ्यापुरती, आपल्या ओसरीतली. एका मोठ्या मुलीने तिच्याजवळ येऊन काही विचारलं. आत्याने मान फिरवली आणि सुमेधला जवळ ओढलं. सुमेधला आता ही शाळेतली भाषा शिकवायची आहे, मॅडमचंही तेच म्हणणं. पण आत्याचं ते तोंड माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

बसस्थानकावर गावाकडं जाणारी औशाची गाडी लागली. पार्वतीबाई चढल्या. आत्या चढेना. तिने सुमेधचा सदरा मुठीत धरला होता. मी समजावलं, नंतर ये. तिने नाही म्हटलं. पार्वतीबाई खिडकीतून म्हणाल्या, "ऋतुजा, तुझा बाप मला गावात राहू द्यायचा न्हाई बघ." कंडक्टर ओरडायला लागला. मी ओढायला गेले तर आनंदराज म्हणाला, "ओढू नको. येऊ दे त्यांना. तुझ्या आप्पांना काय सांगायचं ते मी सांगतो."

त्याने गावातल्या किराणा दुकानावर फोन करून आप्पांना निरोप दिला. तिकडून काहीच उत्तर आलं नाही. तुला बोलणी खावी लागली असतील. मारलं का तुला? खरं सांग.

ऋतू


नांदेड, १० नोव्हेंबर २०२४

माय,

आप्पा काल दुपारी येऊन गेले. तुला कदाचित त्यांनी काहीच सांगितलं नसेल.

दार सासूबाईंनी उघडलं. त्या "या, बसा" म्हणाल्या. आप्पा आत आले आणि खुर्चीच्या कडेवर टेकले. आम्ही पाणी ठेवलं. त्याला त्यांनी हात लावला नाही. आनंदराजने नमस्कार केला, आप्पांनी त्याच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडंही नाही.

आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. आप्पा उभे राहिले आणि ओरडले, "चल घरी." नेहमीसारखंच, मोठ्याने ओरडलं की तिला ऐकू जाईल असं. दाराकडं बोट दाखवलं. आत्या जागची हलली नाही. ती हातांनी बोलायला लागली. सावकाश, खूप वेळ बोलली. आप्पा तिच्या हातांकडं बघत राहिले. मग ते माझ्याकडं वळले.

"काय म्हणती ती?"

लग्नानंतर ते माझ्याशी पहिल्यांदा बोलले, माय. दुसरं कुणी सांगणारं नव्हतं म्हणून बोलले.

मी सांगितलं. "ती म्हणतेय, घरी गुणा आहे, पण तिला कामातून वेळ नसतो. बाकी कुणी माझ्याशी बोलत नाही. इथं हा दिवसभर बोलतो. रोज मला नवीन विचारतो. मी त्याला शिकवते. थोडे दिवस राहू दे. म्हशींना पेंड कमी पडू देऊ नको. काळी दूध चोरते, तिची धार गुणानेच काढावी."

आप्पा म्हणाले, "इतकं सगळं म्हणली?"

"हाव."

"मला वाटायचं, भूक लागली, तहान लागली, तेवढंच येतंय तिला."

सासूबाईंनी पाण्याचा तांब्या उचलून आत नेला. त्यांच्या तोंडावर राग होता आणि त्यांचा राग खरा होता. आनंदराज खाली बघत होता. आप्पा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, आणि मला एकदम दिसलं की ते म्हातारे झालेत. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ दे मग. गहू पेरायच्या आत घेऊन जाईन."

दारात पायताण घालताना ते थांबले. माझ्याकडं न बघता विचारलं, "ती समद्यांना हातानं नावं ठिवती म्हणं. मला काय म्हणती?"

माय, तुला माहीत आहे आत्या त्यांना काय म्हणते. उगारलेला हात. आपण दोघी गोठ्यात तिच्याशी बोलताना तेच म्हणायचो. आप्पा आले म्हणजे हात वर. मला ते कधी चुकीचंही वाटलं नव्हतं, नाव होतं ते.

मी म्हटलं, "मिशी." आणि मिशीवरून बोट फिरवून दाखवलं.

त्यांनी मान हलवली. बरं वाटलं असावं त्यांना.

पण सुमेध माझ्या पायाशीच होता. आत्याने त्याला सगळ्या घराची नावं शिकवली आहेत. त्याने आप्पांकडं बोट केलं आणि मोठ्या हौसेने, मला येतंय असं दाखवत, आपला उजवा हात डोक्यावर उंच उगारला.

आप्पांना वाटलं, नातू निरोप देतोय. माय, ते हसले. त्याच्याकडं बघून त्यांनीही आपला हात वर केला.

आत्या झटकन मागे सरकली. माझ्या पाठीआड गेली, आणि तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले.

आप्पांचा हात वरच राहिला. ते एकदा तिच्याकडं, एकदा सुमेधच्या हाताकडं बघत होते. सुमेधचा हात अजून उंचच होता, कुणी शाबासकी देईल म्हणून तो वाट बघत होता. मग आप्पांनी आपला हात हळूच खाली घेतला, दुसऱ्या हाताने धरल्यासारखा धरला आणि तसेच जिना उतरून गेले. मी खिडकीतून बघितलं. रस्त्याच्या वळणापर्यंत त्यांनी तो सोडला नव्हता.

घरी आल्यावर ते तुझ्याशी काय बोलले, ते मला कळव. काही बोललेच नसतील तर तेही कळव.

ऋतू